मेजरची रेघ

झरीच्या शाळेत मी रुजू झालो, त्या आठवड्यातली गोष्ट. भाड्याच्या खोलीत आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं झाडू मारत होतो. मागून आवाज आला, "मास्तर, काय करायलाव?"

"झाडतोय."

"झाडायलाव न्हाई. फराटे ओढायलाव."

दारात घरमालक उभे होते. उंच, ताठ, मिशा अशा कापलेल्या की पट्टी ठेवून मोजाव्यात. त्यांनी माझ्या हातातला झाडू घेतला, भिंतीपासून दारापर्यंत एक लांब, न थांबता ओढलेला हात मारला, मग त्याला लागून दुसरा. जमिनीवर पेरणीच्या तासांसारख्या ओळी उमटल्या. "ही रेघ," ते म्हणाले, "आन् तुमी काढला त्यो फराटा. रेघ पाहिजे, फराटा नको." आणि बंदूक परत करावी तसा दोन्ही हातांनी झाडू माझ्या हवाली केला. मी चोवीस वर्षांचा होतो. मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

आमच्याकडं फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. हे हवालदार होऊन परतले होते आणि कुणी 'मेजर' म्हटलं की 'हवालदार' अशी दुरुस्ती करायचे. गावानं ती दुरुस्ती कधी मनावर घेतली नाही. मीही घेतली नाही.

रेघ आणि फराटा या दोन शब्दांत त्यांचं सगळं जग मावायचं. दाढी करताना वस्तरा कानापासून हनुवटीपर्यंत एका हातात यायचा. मध्ये उचलला तर ती दाढी फराटा. तिफणीमागं चालणारा माणूस मान वळवून बोलला तर पेरणी फराटा. एकदा गावातल्या एका वयोवृद्ध गृहस्थांच्या शोकसभेत बोलणारे पुढारी पाणंदीच्या रस्त्यावर घसरले, तिथून पाण्याच्या टाकीवर गेले. मेजर पहिल्या रांगेत होते. त्यांनी हात वर केला आणि शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, रेघ धरा. मेलेल्या माणसावर या." पुढारी आले.

त्यांच्या गोठ्यात, बैलांच्या दावणीच्या वर, दोन खुंट्यांवर एक फळी आडवी ठेवलेली असायची. उभी केली तर छातीपर्यंत येईल एवढी, दोन्ही टोकं वर वळलेली, मधे पाय अडकवायचे दोन पट्टे. रंग कधीकाळी निळा असावा. ही काय वस्तू आहे यावर गावात मतं होती. कुणी म्हणायचं इस्त्रीची फळी, कुणी म्हणायचं विमानाचा तुकडा. काकूंना, म्हणजे मेजरच्या मंडळींना, तिचा उपयोग पक्का ठाऊक होता. उन्हाळा आला की त्या फळी उतरवून अंगणात उलटी टाकायच्या आणि तिच्यावर कुरडया घालायच्या. "लय नामी हाय," त्या मला म्हणाल्या होत्या. "एक कुरडई चिकटत न्हाई."

चिकटणार कशी? मेजर दर वर्षी त्या फळीच्या पोटाला मेण घासायचे. खंडेनवमीला घरोघर हत्यारांची, अवजारांची पूजा होते. मेजरच्या घरी विळा, खुरपं, तिफण, कुऱ्हाड यांच्या रांगेत शेवटी ती फळी असायची. आदल्या दिवशी ते मेणबत्ती तव्यावर वितळवून पोटावर पसरायचे, गार झाली की खरवडून काढायचे, मग गोणपाटानं घासत बसायचे. फळीत तोंड दिसायला लागलं की थांबायचे.

"मेजर, हे नेमकं काय आहे?" असं मी पहिल्या दसऱ्याला विचारलं.

"स्नोबोर्ड," ते म्हणाले. झरीत हा शब्द त्याआधी कुणी उच्चारला नसावा. गोठ्यातल्या बैलानंही मान वर केली. (बैलानं मान वर केली नव्हती. ही माझी जोड. माझा हा दोष पुढं कामाला येणार आहे, म्हणून आत्ताच कबूल करून ठेवतो.)

हकिकत अशी. मेजर तरुणपणी बर्फाच्या मुलखात तैनात होते. तिथं एक परदेशी गिर्यारोहक आला, त्याच्याकडं ही फळी. एका हिवाळी सुट्टीच्या दिवशी त्यानं जवानांना हौसेनं तिच्यावर उभं केलं. पंजाबचा पडला, केरळचा पडला, गढवालचा पडला. झरीचा उभा राहिला. फौजेतल्या साहेबांनी विचारलं, "कहाँ सीखा?" मेजर म्हणाले, "बैलों के पीछे."

खरंच होतं ते. रान नांगरलं की आमच्या काळ्या मातीत डोक्याएवढी ढेकळं निघतात. ती फोडायला बैलांमागं एक जड लाकडी फळी जोडतात आणि तिच्यावर वजन म्हणून माणूस उभा राहतो. हातात कासरा, पायाखाली हादरणारी, उसळणारी फळी. मेजर सातव्या वर्षापासून तिच्यावर उभे होते. गिर्यारोहकानं त्यांना तीन हिवाळे शिकवलं आणि जाताना फळी देऊन गेला. त्यानं शिकवलेली मुख्य गोष्ट एकच. बर्फावर वळताना फळी आडवी घासली तर मागं रुंद ओरखडा उमटतो. ते कुणालाही जमतं. पण फळीची फक्त कड बर्फात रोवून, अंग उताराकडं झोकून वळलं, तर मागं बोटभर रुंदीची एक बारीक, वाकडी रेघ उरते. रेघ आणि फराटा आले ते तिथून.

आता माझा दोष.

मला गोष्ट जशी आहे तशी सांगवत नाही. पारावर मेजरची हकिकत मी पहिल्यांदा सांगितली तेव्हा ते एक टेकडी उतरले होते. दिवाळीपर्यंत डोंगर उतरले. दोनतीन वर्षांत त्यांच्या मागं हिमकडा कोसळत होता, खांद्यावर जखमी साहेब होता, आणि खाली तंबूत उभा असलेला डॉक्टर घड्याळ बघत होता. लोक विड्या विझवून ऐकायचे. मी साहेबाचा आवाजही काढायचो.

एका पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदनाला मेजर पाहुणे होते. ओळख करून द्यायचं काम माझं. मी काय सोडतो! कडा कोसळवला, साहेब खांद्यावर घेतला, डॉक्टरला घड्याळ दिलं. पोरांनी टाळ्यांनी पत्रे हादरवले. मेजर उठले, माईकजवळ आले आणि म्हणाले, "मास्तर खोटं बोलायलाय. जय हिंद." आणि बसले.

त्यानंतर दीड महिना ते माझ्याशी बोलले नाहीत. एकाच अंगणात राहून दीड महिना. काकू भाजीची वाटी आणून द्यायच्या आणि म्हणायच्या, "मास्तर, तुमीच जा. ह्ये न्हाई येणार."

गेलो. ज्वारीच्या पेरणीआधी ते रानात फळी मारत होते. बाकी गावानं केव्हाच ट्रॅक्टर लावला होता. मेजरनी बैलजोडी सोडली नव्हती. मी बाजूनं चालू लागलो. ढेकळांतून दोन-चार चकरा झाल्या. मग त्यांनी बैल थांबवले, पण फळीवरून उतरले नाहीत.

"मास्तर, तुमी मला हिमालय उतरवलाव. मी उतरलोच न्हाई."

मी फळीजवळ गेलो.

"शेवटचा हिवाळा होता. मोठे साहेब बघायला आलते. सगळ्यात लांबचा उतार मला दिलता. हप्ताभर आदी पडलो हुतो, गुडघा सुजलता, पर गुडघ्याचं न्हाई ते. वर उभा राहिलो, खाली बघितलं आन् भ्यालो. पट्टे सोडले. फळी काखेत मारली आन् समद्यांच्या देखत चालत खाली आलो."

"मग? काय म्हणाले साहेब?"

"काय न्हाई. चहा दिला." कासरा त्यांनी मुठीत आवळला. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. महिन्यानं पेन्शन घेऊन घरी आलो. तुमी टाळ्या वाजवायला लावल्याव ना, त्या दिवशी मला त्यो चहा आठवला."

बैल हलले. फळी निघून गेली. मी त्या भुसभुशीत मातीत उभा होतो. पारावरची माझी गोष्ट त्या दिवशी बंद झाली. लोकांनी पुष्कळ आग्रह केला. मी घसा बसल्याचं सांगितलं.

नंतर मी परभणीला घर बांधलं, खोली सोडली. मेजर तालुक्याच्या कामाला आले की यायचे, माझ्या बायकोच्या रांगोळीकडं वाकून बघायचे आणि "रेघ" एवढंच म्हणून आत यायचे. तिला तेवढ्यावर दिवसभर बरं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या सुमारास, ते लंगडत आले. मीच त्यांना हाडांच्या डॉक्टरकडं घेऊन गेलो. डॉक्टरनी फोटो उजेडावर धरला. "गुडघा बदलावा लागेल, काका. होळीनंतर करू. बदलल्यावर चालाल, फिराल, पण उड्या नाहीत, वजन नाही, बैल नाहीत."

"आन् बदलायच्या आदी?"

"आधी म्हणजे?"

"होळीपतोर."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी छताकडं.

बाहेर रसवंतीच्या बाकावर मेजर बसले. ग्लास रिकामा केला. मग म्हणाले, "मास्तर, तुमी माझं खोटं लय सांगितलाव. आता खरं बघायला चला."

"मेजर, वय त्रेसष्ट. गुडघा असा."

"त्योच उतार पाहिजे असं न्हाई. कोणचा बी चालंल. मला एक रेघ पाहिजे. एक निघाली की गुडघा डॉक्टरचा."

परभणी जिल्ह्यात उतार म्हणजे रस्त्यावरचा पूल. सराव करायचा कुठं? आम्ही एकदा येलदरीला गेलो. मेजर धरणाच्या भरावाखाली अर्धा तास मान वर करून उभे राहिले. हवेत तळहात तिरका करून वळणं मोजत होते. तिथला रखवालदार आला. "काय बघायलाव?" मेजर म्हणाले, "उतार चांगला हाय. वाया चाललाय." रखवालदारानं आमची नावं लिहून घेतली. दुसरा सराव सोयाबीनच्या भुसाच्या ढिगावर झाला. त्याबद्दल एवढंच सांगतो की मेजर घसरले नाहीत, बुडाले. आणि चार दिवस अंग खाजवत होते. फळीचे पट्टे कुजले होते, म्हणून सोनपेठला काकूंच्या माहेरी गेल्यावर त्यांनी बैलांचा साज करणाऱ्या कारागिराकडून चामड्याचे नवे करून आणले. "बैल तुटंल, पट्टा तुटणार न्हाई," असं कारागीर म्हणाला म्हणे.

संक्रांत झाली आणि आम्ही निघालो. काकूंनी फळी जुन्या गोधडीत शिवून दिली. रेल्वेत लोक विचारायचे, "काय हाय ह्ये?" मेजर सांगायचे, "कुरडयाची फळी." लोक समाधानानं मान हलवायचे. दिल्लीपासून बस, मग मनालीच्या वरच्या अंगाला एक उतार, जिथं पैलतीर दिसत नाही इतकं पांढरं. मी सूर्यफुलाच्या रानाला मोठं समजणारा माणूस. मला डोळे उघडे ठेववेनात.

तिथं शिकवणारी एक पस्तिशीची बाई होती, त्याच डोंगरातली. तिनं फळी उलटीपालटी केली, मेण बोटानं चाचपलं, चामड्याचा पट्टा पाय देऊन ओढला. "ये तो मेरी उमर की होगी, अंकलजी," ती म्हणाली. पण पट्ट्यांना तिनं नाव ठेवलं नाही. हेल्मेट मात्र सक्तीनं घालायला लावलं. फौज सोडल्यापासून पागोट्याखेरीज डोक्यावर काही न घेतलेला माणूस त्या हेल्मेटमध्ये रुसलेल्या नवरदेवासारखा दिसत होता.

पहिल्या खेपेला ते तीन हात गेले आणि पाठीवर पडले. दुसऱ्या खेपेला दहा हात गेले, मागं रस्ता झाडल्यासारखा रुंद ओरखडा, आणि परत पाठीवर. उठताना गुडघ्याला दोन्ही हात. बाई ओरडत होती, "अंकलजी, पीछे मत झुको! आगे! नीचे की तरफ!" मेजर मान हलवायचे, निघायचे आणि पुन्हा मागं झुकायचे. बर्फात बसून त्यांनी मुठीनं मांडी ठोकली. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी आतून आलं होतं की वाऱ्यानं, हे मी सांगणार नाही. मला ठाऊक नाही.

"बस करूया, मेजर," मी म्हणालो.

"अजून एकदा. वरून."

"पाय साथ देत नाहीये तुमचा."

"मास्तर," ते हळू म्हणाले, "आता पट्टे सोडून चालत गेलो तर दोनदा झालं."

बाईनं त्यांना वर नेलं. मी खाली थांबलो, हातात मोबाईल, कारण पुरावा पाहिजे होता. वरून ते निघाले. पहिलं वळण, फराटा. पांढरी धूळ उडाली. दुसरं वळण, फराटा. आणि तेव्हा मला दिसलं. त्यांच्या दोन्ही मुठी पोटाजवळ आवळलेल्या होत्या, कोपरं मागं, अंग टाचांवर टेकलेलं. हा माणूस कासरा धरून उभा होता! अठ्ठावीस वर्षं बैलांमागं फळीवर उभा राहून हाडांत बसलं होतं ते: मागं झुका, ओढ सांभाळा, पुढं झुकलात तर बैलांच्या खुरांत जाल. समोर बैल नव्हते. बर्फच बर्फ होता आणि ते ओढून धरत होते.

मी गळ्याच्या शिरा ताणून ओरडलो, "मेजर, कासरा सोडा!"

मुठी उघडल्या. इतक्या लांबून मला बोटं दिसली, एकेक. हात पसरले, छाती उताराकडं गेली, गुडघे वाकले, आणि फळी आडवी न होता कडेवर उभी राहिली. आवाज बदलला. आत्तापर्यंत खरखर होती, आता कापड फाटावं तसा एकच लांब सूर. ते वळले. डाव्या बाजूला मोठ्या गोलाईनं वळले, आणि थांबले, आणि सावकाश बसले.

माझ्या मोबाईलमध्ये त्या क्षणाचं चित्रण आहे. त्यात माझे दोन बूट आहेत आणि माझा आवाज.

मी धडपडत पोचलो तोवर त्यांनी पट्टे सोडले होते. मान वळवून वर बघत होते. बर्फ भुरभुरायला लागला होता. "फराटा," त्यांनी बोट दाखवलं. "फराटा." मग बोट खाली आलं आणि बराच वेळ तिथंच राहिलं. ते लंगडत पाच-सात पावलं वर चढले, रेघेजवळ वाकले, तिला न लावता शेजारी आपलं बोट धरून बघितलं. बोटापेक्षाही बारीक होती.

मग फळी काखेत मारली आणि आम्ही चालत खाली उतरू लागलो. मला एकदम ते शेतातलं बोलणं आठवलं. त्यांनाही आठवलं असावं.

"तवा बी असाच उतरलो हुतो," ते म्हणाले.

"मग?"

"तवा मागं वळून बघायला काय न्हवतं."

मी वळून बघितलं. ताज्या बर्फानं ती निम्मी भरली होती.

चहाच्या टपरीवर त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. "गावात सांगणार तुमी. न्हाई म्हणलं तरी सांगणार. पर एक सांगायची. दोन सांगितल्याव तर खोली खाली करा."

"मेजर, खोली सोडून मला सोळा वर्षं झाली."

"तरी बी."

मी वचन पाळलं. पारावर बसून सांगितलं: दोन फराटे, एक रेघ. लोक वाट बघत राहिले. "फुडं?" एकानं विचारलं. पुढं काही नाही म्हटल्यावर म्हणाला, "मास्तर म्हातारे झाले." कुणाचाही विश्वास बसला नाही. मी कडा कोसळवायचो तेव्हा बसायचा.

होळीनंतर गुडघा बदलला. चांगला झाला. बैलजोडी त्यांनी पुतण्याला दिली आणि रोज सकाळी त्याच्या रानाकडेला उभं राहून त्याला फराटे मोजून दाखवू लागले. गेल्या वर्षी, पोळ्याच्या चार दिवस आधी, सकाळी दाढी करायला बसले. अर्ध्या गालावरून वस्तरा आला होता. तिथंच गेले. त्यांना चालला नसता असा शेवट. काकूंनी न्हाव्याला बोलावून उरलेला गाल करून घेतला, आणि न्हाव्याला सांगितलं, "एका हातात."

दिवसकार्य झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर, काकूंनी मला गोठ्याकडं बोलावलं. दावण रिकामी होती. खुंट्यांवर फळी.

"मास्तर, एक इचारू? ह्ये तिकडून आले तवा मला म्हणले, चांगलं झालं. बास. मी खोदून इचारलं न्हाई. तुमी सांगा. खरं सांगा. किती निघाल्या?"

मला पंचवीस वर्षांची सवय. समोर बाई, नवरा तेरा दिवसांपूर्वी गेलेला. दहा म्हणायला काय जात होतं? दहा, सगळा डोंगर, खाली माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. जिभेवर आलं होतं सगळं.

"एक," मी म्हणालो.

काकू फळीकडं बघत राहिल्या.

"फौजेतून आले त्याच दिशी मला समदं सांगितलं हुतं ह्यांनी," त्या म्हणाल्या. "भ्यालो, चालत आलो म्हणून. रोज ही फळी मांडीवर घिऊन बसायचे. जेवण न्हाई, बोलणं न्हाई. म्हणून मी कुरडया घातल्या हिच्यावर. कामाची केली. न्हाई तर तिच्याकडं बघत बसूनच गेले असते." पदरानं त्यांनी तोंड पुसलं. "तुमी दहा म्हणला असताव ना मास्तर, तर चहा पाजून तुमाला वाटं लावलं असतं. एक म्हणलाव. म्हंजे निघाली."

फळीवर उन्हाळ्यापासूनची धूळ होती. काकूंनी वरच्या टोकाला एक बोट टेकवलं आणि न उचलता, जराशा गोलाईनं, खालपर्यंत ओढत नेलं.